चपलांपाशी थांब

आमच्या कुत्रीचं नाव मी इथं सांगणार नाही. ते माझ्या पहिल्या मुख्याध्यापिकाबाईंचं आहे, आणि बाई अजून ठणठणीत आहेत, केडगावातच राहतात आणि हाताला लागेल ते वाचतात. पिल्लू असताना ही फाटकात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर ज्या सुरात भुंकायची तो सूर मी ओळखला आणि नाव तोंडून निघून गेलं. पुढं बदलायला गेले तर कुत्री दाद देईना. तेव्हा इथं ती आपली नुसती कुत्री. काळी, गावठी, एक कान उभा, एक पडलेला.

घरात आम्ही तिघी. मी, माझी त्र्याऐंशी वर्षांची आई आणि ही. मी लग्न का केलं नाही हे विचारणाऱ्यांना तीस वर्षं उत्तर दिलं नाही, आता काय देणार. प्राथमिक शाळेत चौथीला शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. वर्गात ओरडले की माझा आवाज बाहेरच्या रिक्षा स्टँडपर्यंत जायचा, असं लोक म्हणतात. खोटं नाही ते.

दर शनिवारी मी मारुतीला जाते. देवळाच्या दारातून माझ्या चपला दोनदा चोरीला गेल्या होत्या. आत जाताना प्रत्येक जण फुलवालीला म्हणतो, "चपला बघा हं," ती मान डोलावते आणि बघत मात्र नाही. मग कधीतरी ही कुत्री माझ्या मागं यायला लागली. देवळात तिला कोण घेणार? ती माझ्या चपलांपाशी बसायची. मी कितीही वेळ लावला तरी तिथंच. डॉक्टरकडं गेले तरी तसंच, शेजारी गेले तरी तसंच. मी तिला हे शिकवलं नव्हतं आणि त्यात काही विशेष आहे असंही मला कधी वाटलं नाही. फुलवाली म्हणायची, "आता मला इचारूच नका बाई, तुमची वॉचमन हाय की."

पण हीच कुत्री आईच्या बाबतीत अगदी वेडी. आई नुसती दारात दिसली की ही झेप घ्यायची ती थेट खांद्यावर पंजे. मला त्याचं हसू यायचं, हे आता लिहायलाही लाज वाटते. संक्रांतीच्या दिवसांत आई हळदीकुंकवाहून परत आली, वडील गेले तरी आमची गल्ली तिला बोलावतेच, हातात वाण, आणि हिनं झेप घेतली. आई पायरीवर पडली. मनगट मोडलं. कुत्री तिच्याभोवती फिरत कुंईकुंई करत होती आणि आई पडल्या पडल्या म्हणत होती, "तिला मारू नकोस गं." मी मारणार होतेच.

त्याच संध्याकाळी पुण्याहून दादा आला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दादा वाईट माणूस असता तर मी त्याला दोन शब्दांत वाटेला लावला असता, पण तो वाईट नाही, तीच तर अडचण. त्यानं आईच्या प्लास्टरवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "आज मनगट मोडलं, उद्या खुबा मोडेल. मग ती उठणार नाही. एक तर ही कुत्री जाईल, नाहीतर आई माझ्याकडं येईल. खोली तयार आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे."

माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "एका वर्गात साठ पोरं सांभाळली मी, एक कुत्री शिकवता येणार नाही? इथं क्लास आहे कुत्र्यांचा. शेवटी परीक्षा असते. मालकानं नजरेआड जायचं आणि कुत्र्यानं तीन मिनिटं जागचं हलायचं नाही. ये बघायला." क्लासचा कागद वर्तमानपत्रातून आला होता, तेवढीच माझी माहिती. दादा म्हणाला, "येतो. हलली तर त्याच दिवशी आई माझ्या गाडीत." मी म्हणाले, "चालेल." मग आम्ही दोघांनी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "तुम्ही ठरवा."

मला ते फार लागलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी इथून हलणार नाही. तिनं तसं म्हटलं नाही, आणि पुढचे दोन महिने माझ्या डोक्यात हेच की हिला जायचं तर नाही ना पुण्याला? विचारायची छाती झाली नाही. बाकी सगळ्या जगाला मी काहीही विचारते.

क्लास दर रविवारी सकाळी, एका मंगल कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत. शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले, पंचवीस वर्षं कुत्र्यांबरोबर काढलेली, मूळ पारनेरकडचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. सामान सगळं त्यांनी स्वतः जमवलेलं. एमआयडीसीतल्या निळ्या ड्रमांचे तळ कापून, एकाला एक जोडून केलेला बोगदा. ठिबकच्या पाइपांचे उडी मारायचे अडथळे. ट्रॅक्टरचा टायर टांगलेला, त्यातून आरपार जायचं. बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या फळ्यांचा चढउतार. आणि बांबू रोवलेले, त्यांच्यामधून नागमोडी पळायचं. ते सगळं बघून मलाच आधी पळावंसं वाटलं.

बाकीची कुत्री म्हणजे बडी मंडळी. एका कापड दुकानदाराचा रॉटवायलर होता, दांडगा, पण पतंग फडफडला तरी मालकाच्या पायात शिरायचा. एका डॉक्टरीणबाईंची लॅब्रेडॉर होती, तिचं सगळं लक्ष खाऊच्या पिशवीत. आणि त्यात आमची ही, गळ्यात सुतळी. सरांनी तिला खालीवर पाहिलं आणि म्हणाले, "हे बेस झालं. गावठी कुत्रं लई हुशार असतं. फक्त त्याला वाटलं पायजे." मग माझ्या पायाकडं पाहिलं. "चपला न्हाई चालायच्या इथं. बूट घाला. पळायचंय." दुसऱ्या रविवारपासून मी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून यायला लागले. शाळेत कवायतीला घालायचे तेच.

पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, "हे बघ बाळा, आता या ड्रममधून तू सरळ पलीकडं जायचंस, घाबरायचं नाही, आत काही नाहीये." सर म्हणाले, "बाई, तुमी लई बोलता. तिला धडा समजावून सांगताय काय? एक शब्द. चल. बास." तीस वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. मी गाल फुगवून म्हटलं, "चल." ती आत गेली आणि आतच बसली. मी पलीकडच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून ड्रममध्ये डोकं घातलं आणि पुन्हा "चल" म्हटलं. आतून ती सुसाट आली आणि माझ्या तोंडावरच आदळली. चष्मा एकीकडे, मी एकीकडे. आणि खरं सांगते, इतकी हसले मी, इतकी हसले, की सरांनी पाणी आणून दिलं.

तिथून पुढं काय सांगू. तिसऱ्या रविवारी तिनं टायरमधून उडी मारली. चौथ्या रविवारी बांबूंतून अशी गेली की कापड दुकानदारानं शिट्टी वाजवली. मी शेजारून पळायचे, अठ्ठावन्न ओलांडलेली बाई, पदर खोचलेला, हातात उकडलेल्या अंड्याचे तुकडे, "चल चल चल" ओरडत. शनिवारी रात्री मला झोप यायची नाही. रविवारी पाचलाच उठून मी अंडी उकडायला ठेवायचे. आई अंथरुणातून म्हणायची, "अगं, शाळेची सहल आहे का?" मी म्हणायचे, "त्याहून भारी." तिला घरी येऊन सगळं करून दाखवायचे, खुर्च्या मांडून, पलंगाखालून. आई ऐकायची, हसायची, प्लास्टरचा हात मांडीवर धरून. पण कुत्री जवळ आली की पाय वर घ्यायची. ते माझ्या नजरेतून सुटायचं नाही.

आणि थांबण्याच्या नावानं बोंब होती. "बस" म्हटलं की बसायची. "थांब" म्हटलं, पाठ फिरवली आणि पाच मोजले की ही माझ्या टाचेला नाक लावून उभी. ओरडून पाहिलं, हळू बोलून पाहिलं. अंडं दिलं, अंडं दिलं नाही. लॅब्रेडॉर बसली, रॉटवायलरसुद्धा भीतभीत का होईना पण बसला. माझी बसेना. सहावा रविवार झाला, दोनच रविवार उरले. सर म्हणाले, "तिला थांबण्याचं कारण कळंना." मी म्हणाले, "तिला घरी बसवून समजावते." 

सातव्या रविवारी बुटाचा तळ निघाला आणि मी चपला घालूनच गेले. सर दिसायच्या आधीच बाभळीचा काटा चपलेतून वर आला आणि टाचेत घुसला. मी कळवळले. दोन्ही चपला काढल्या, तिथंच टाकल्या आणि लंगडत सरांकडं गेले, त्यांच्याकडं चिमटा असायचा. फळीवर बसून काटा काढून घेतला. त्यावर चुना लावायचा की हळद यावर आमचा जरा वाद झाला. मग मैदानाकडं बघत सर म्हणाले, "बाई, तुमचं कुत्रं कुठंय?"

मी वळून पाहिलं. मैदानाच्या पार त्या टोकाला ती माझ्या चपलांपाशी बसली होती. सुतळी मोकळी. शेजारून लॅब्रेडॉर पळत गेली, हिनं मान वळवली आणि परत पुढं. "किती येळ झाला?" सर म्हणाले. मी म्हणाले, "पाच-सात मिनिटं तरी." मग मला एकदम ते देऊळ आठवलं, फुलवाली आठवली. मी म्हणाले, "अहो सर, ती हे रोज करते. दोन वर्षं करतेय." सरांनी कपाळावर हात मारला. "आणि तुमी मला आज सांगताय."

आम्ही तिला तिथंच ठेवून मंगल कार्यालयाच्या मागं जाऊन आलो. बसलेली. चहा पिऊन आलो. बसलेली. मी नाचायचीच बाकी होते. सर म्हणाले, चपलेवरून नुसत्या शब्दावर आणायला अजून दोन महिने लागतील, तेवढा वेळ नाही. पण मालकानं खाली काय ठेवायचं आणि काय नाही, असा काही नियम नाही. "चपला काढा, थांब म्हणा, आणि तोंड बंद करून निघून जा. तेवढं तोंडाचं जमवा फक्त."

त्या आठवड्यात घरी मी एक पद्धत बसवली. आई बाहेरून येणार असली की मी पुढं यायचे, दाराबाहेर चपला काढायचे, "थांब" म्हणायचे. कुत्री चपलांपाशी बसायची, शेपटी जमिनीवर आपटत, सगळं अंग आईकडं ओढ घेतंय, पण उठायची नाही. आणि आई तिच्या शेजारून आत. पहिल्या दिवशी आई भिंतीला पाठ घासत पायरी चढली. चौथ्या दिवशी मधून चालत आली.  परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र तिनं स्वतःची बॅग भरली. दोन लुगडी, औषधांचा डबा, जपमाळ. मी विचारलं, "इतकी घाई?" म्हणाली, "दादा येणार ना. ऐनवेळी पळापळ नको." मी कुकर जरा जोरातच आपटला.

परीक्षेला दादा सकाळीच आला. बॅग त्याच्या डिकीत गेली. मी ते बघितलं आणि नजर वळवली. मैदानात कार्यालयाचा मांडव घातला होता, बाजूला कनात लावली होती, परीक्षक म्हणून जनावरांचे एक डॉक्टर आले होते. आता आपल्याकडं नारळ फोडल्याशिवाय काही सुरू होतं का? टेबलावर फोटो, हार, उदबत्ती. सगळ्यांनी पायातलं काढलं, मीही चपला काढल्या, टेबलापाशीच. पिशवीत नवे बूट होते पळायला. नारळ फुटला, टाळ्या वाजल्या आणि लगेच पहिला नंबर पुकारला तो माझाच.  बूट राहिले पिशवीत, मी अनवाणीच कुत्रीला घेऊन रेघेवर उभी राहिले, सुतळी सोडली, "चल" म्हणाले आणि पळत सुटले.

पहिल्या अडथळ्याशी पोचले तर शेजारी कोणी नाही. लोक हसताहेत. मागं वळून बघते तर कुत्री टेबलापाशी, माझ्या चपलांशेजारी, उदबत्तीच्या धुरात, छान बसलेली. "चल," मी म्हणाले. ढिम्म. "अगं चल." हलेना. नारळासाठी चपला काढून मी स्वतःच तिची जागा ठरवून ठेवली होती, सुतळी सुटताच ती तिथं परत गेली, आणि ते माझ्या टाळक्यात शिरायला केवढा वेळ लागला. डॉक्टर घड्याळ बघत होते. मांडवात आई खुर्चीत बसली होती, शेजारी दादा हाताची घडी घालून उभा होता. सर तर बोलूच शकत नव्हते, नियम होता, नुसते स्वतःच्या पायाकडं बोट दाखवत होते.

मी पळत परत गेले आणि दोन्ही चपला उचलल्या. त्या पायात घालाव्यात एवढं सुचलं नाही. दोन हातांत दोन चपला घेऊन मी सुटले, आणि कुत्री माझ्या पुढं. उडी, उडी, टायर. मांडवातून कोणीतरी ओरडलं, "अहो बाई, मारू नका तिला." मी पळता पळताच म्हणाले, "मारत नाहीये हो." ती बोगद्यात गेली, मी बाहेरून चपला हलवत पळतेय, ती बाहेर आली, फळी चढली, उतरली, बांबू, डावा, उजवा, डावा, उजवा, एकसुद्धा चुकला नाही. शेवटच्या रेघेवर ती माझ्या अंगावर आली आणि आम्ही दोघी मातीत. पायाला खडे टोचले होते, पदर कुठल्या कुठं, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी उभं राहिलं नव्हतं, वर्गातली पोरं सोडून.

मग थांबण्याची पाळी आली.  मी मैदानाच्या मधोमध चपला ठेवल्या, जुळवून. "थांब," म्हणाले. एकच शब्द. आणि कनातीमागं निघून गेले. सरांनी बजावलं होतं, मागं वळायचं नाही, आवाज करायचा नाही, तीन मिनिटं झाली की ते बोलावतील. कनातीला एक फट होती. मी तिला डोळा लावला.

ती बसली होती. उभा कान माझ्या दिशेला. एक मिनिट गेलं. मी मनात पाढे म्हणत होते. आणि दुसऱ्या मिनिटाला मांडवात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उठली होती. दादा म्हणाला, "आई, कुठं चाललीस?"  ती मैदानात उतरली आणि सरळ कुत्रीकडं चालायला लागली. हळूहळू, बरा झालेला हात दुसऱ्या हातात धरून. दादा मागं धावला, सरांनी हात आडवा करून त्याला थांबवलं. माझ्या घशाशी "आई" आलं होतं. ओरडले असते तर कुत्री माझ्याकडं पळत आली असती आणि सगळं संपलं असतं. कनातीचं कापड मी मुठीत धरून ठेवलं होतं, ते फाटलं हे नंतर कळलं.

कुत्रीनं आईला पाहिलं. शेपटी मातीवर आपटायला लागली. पुढचे पंजे जागच्या जागी नाचायला लागले. आई तिच्या समोर आली, अगदी हाताच्या अंतरावर, मोकळ्या मैदानात, धरायला भिंत नाही की काठी नाही. तिथं ती थांबली. मग तिनं एक पाय चपलेतून काढला, दुसरा काढला, वाकली, आणि आपल्या चपला माझ्या चपलांशेजारी ठेवल्या.

"माझ्याही बघ गं," आई म्हणाली.

आणि अनवाणी परत जाऊन खुर्चीत बसली. कुत्री उठली नाही. तीन मिनिटं कधी झाली मला कळलंच नाही, सरांनी दोनदा बोलावलं म्हणे. मी डोळे पुसून बाहेर आले आणि पायात चपला घातल्या. एरवी एवढं झालं की ती उठते. ती उठली नाही. सर म्हणाले, "बाई, अजून एक जोड शिल्लक हाय."

दादा पुढं आला. आईच्या चपला उचलून तिला नेऊन द्यायला वाकला असेल, किंवा गाडीपर्यंत न्यायला, मी अजून त्याला विचारलेलं नाही. ती पिल्लू असल्यापासून, येईल तेव्हा तिला भाकरी चारणारा तो, तिचा लाडका. तिनं त्याचा हात चाटला. मग आईच्या चपलांवर पंजा ठेवला आणि घशातल्या घशात, अगदी हळू, गुरगुरली.

दादानं वाकल्या वाकल्याच मांडवाकडं पाहिलं.  आई मातीनं भरलेले पाय पुढं करून निवांत बसली होती, जायची घाई नसलेल्या माणसासारखी. दादा सरळ झाला, खिशातून किल्ली काढली, गाडीपाशी गेला आणि डिकीतून आईची बॅग काढून माझ्या हातात दिली.